मॉरिसच्या दाराचा गोट

विणकराच्या घरात जन्मून सुताचा तिटकारा करणारा माणूस नागपूरच्या पाचपावलीत एकच निघाला, आणि तो म्हणजे रुपराव निखारे. बापाचा माग घरातच होता. मागाखाली खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बाप बसलेला, आणि आई काठावर बसून सुताच्या कांड्या भरते आहे, हे चित्र त्यानं पाळण्यातून पाहिलं आणि मिसरूड फुटेपर्यंत पाहिलं. "आपल्या घरी नवरा खड्ड्यात अन् बायको खड्ड्याच्या काठावर," असं तो म्हणायचा, आणि बाप मागावरचा धोटा फेकून मारायचा. शेवटी एक दिवस तो कॉटन मार्केटकडच्या एका मोटार गॅरेजात जाऊन पत्रा ठोकायला शिकू लागला. बापानं वर्षभर त्याच्याशी अबोला धरला.

पण हात होता बेट्याला. ठोकलेल्या मडगार्डवर तो डोळे मिटून तळवा फिरवायचा आणि कुठं उंचवटा राहिला ते सांगायचा. पुढं गॅरेज सोडून त्यानं स्वतःचं टिनाचं शेड टाकलं, आणि लोक त्याला मिस्त्री म्हणू लागले. ह्या शब्दानं त्याच्या छातीत हवा भरायची. विणकराला कोणी अहो-जाहो करत नाही, मिस्त्रीला करतात, असं त्याचं पक्कं मत होतं. ते खोटं होतं असंही नाही.

बायको मात्र आईनं उमरेडहून विणकराचीच आणली. इंदूबाई तिचं नाव. सावळी, ठसठशीत, आणि जिभेला धार. लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात तिनं नवऱ्याचे काळे तेलकट हात पाहून विचारलं, "अवो, तुमी पत्रा ठोकता का पत्राच तुमाले ठोकते?" रुपराव चिडायचा आणि मनातून खूश व्हायचा. माहेराहून तिनं हातानं फिरवायचं शिलाई मशीन आणलं होतं. मोहल्ल्यातल्या झबल्या-पोलक्यांपासून गाद्यांच्या खोळींपर्यंत सगळं तिच्याकडं यायचं.

बाहत्तर साली रुपरावला धंतोलीतून बोलावणं आलं. मनोहरराव म्हणून एक नामांकित वकील होते. त्यांच्या वडिलांनी इंग्रजी अमदानीत घेतलेली काळी मॉरिस अजून बंगल्याच्या पोर्चमध्ये उभी होती. इंजिन ठणठणीत होतं, पण गाडीत बसलं की ओल्या घोंगडीचा वास यायचा. पावसाळ्यात पाणी आणि उन्हाळ्यात धूळ, दोन्ही दारांतून बिनदिक्कत आत. वकीलसाहेबांना अमरावतीला मुलाच्या लग्नाची वरात ह्याच गाडीतून काढायची होती.

ज्यांनी ह्या जुन्या गाड्या आतून पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. दाराच्या चौकटीला कडेकडेनं पत्र्याची एक अरुंद पन्हळ असते, तिला चॅनल म्हणतात. त्या चॅनलमध्ये रबर बसतं, आणि रबराच्या आतल्या अंगानं, बसणाऱ्याला दिसेल असा, कापडानं मढवलेला गोल दोर. दार लागलं की रबर आणि दोर दोन्ही दाबले जातात आणि बाहेरचं बाहेर राहतं. रुपराव त्या दोराला गोट म्हणायचा, बायका पोलक्याला लावतात तो गोट. नाव कितीही झटकलं तरी घरातलंच तोंडात आलं होतं.

त्यानं जुनं रबर ओढलं, तर रबराबरोबर चॅनलही हातात आलं. खालच्या बाजूला पत्र्याचा पापड झाला होता, बोटानं दाबला की चुरा. वकीलसाहेब चष्मा सावरत वाकून पाहत होते.

"रुपराव, एक आधीच सांगून ठेवतो," ते म्हणाले. "मागं एकानं इथं घरी शिवलेलं काहीतरी चिंधीकाम बसवलं होतं. चार दिवसांत लोंबायला लागलं. मला तसलं नको. माल कंपनीचा पाहिजे."

"बंबईहून मागवतो ना जी," रुपराव म्हणाला.

हे तो कसा बोलून गेला ते त्यालाही कळलं नाही. बर्डीच्या बाजारातली सगळी दुकानं त्याला ठाऊक होती, आणि पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या मॉरिसचा गोट मुंबईतही कोणी विकत नाही हेही ठाऊक होतं. पण साहेबाच्या तोंडून 'घरी शिवलेलं' हे दोन शब्द ज्या तुच्छतेनं बाहेर पडले, त्या तुच्छतेनं त्याच्या जिभेनं आपोआप बंबई गाठली.

आणि एकदा माणूस फुशारकीच्या घोड्यावर बसला की तो घोडा कुठं नेईल सांगता येत नाही. त्याच दुपारी वकीलसाहेबांच्या बायकोनं, शामलाबाईंनी, चहा पाठवला आणि स्वतः पायरीवर येऊन सहज चौकशी केली. घरी कोण कोण, बायको काय करते. शामलाबाई मनानं वाईट नव्हत्या. गड्यामाणसांशी दोन शब्द बोलणाऱ्यांपैकी होत्या.

"बायको घरीच राहते जी," रुपराव म्हणाला. "आपन कमावतो ना. तिले बाहेर पडाचं काम नाही."

"छान. सुखी आहे बिचारी," शामलाबाई म्हणाल्या.

ती सुखी बिचारी त्या वेळी पाचपावलीत कोणाच्या तरी गादीची खोळ शिवत होती.

घरी आल्यावर रुपरावनं बंबईची गोष्ट बायकोला सांगितली. इंदूबाई खळखळून हसली. "मंग मी बंबईची झाली म्हना!"

"साहेब लोकाईले नाव लागते वं. माल तर तुहाच राहीन."

"नाव त्याईचं, हात माहे. चालू द्या," ती म्हणाली, आणि कामाला लागली.

तिनं सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या सुतळीवर घट्ट गुंडाळून दोर केला. वरचं कापड उमरेडहून भावाकडून मागवलं, हातमागाचं, काळपट तपकिरी, बोटाला खरखरीत लागणारं. ते तिनं सरळ न कापता तिरपं कापलं, म्हणजे दाराच्या वळणावर ते ताणतं आणि चुणी पडत नाही. रुपरावनं तिकडं बंगल्यात गंजलेला भाग कापून काढला, सळईवर पत्रा ठोकून नवी पन्हळ वळवली, गॅसनं जोडली, कानशीनं घासली, वर लाल प्रायमर दिला. आतला गंज तसाच ठेवून वरून लांबीचा लेप थापणारे मिस्त्री नागपुरात पैशाला पासरी होते. रुपराव त्यातला नव्हता, हे त्याच्या वाईटावर असणारेही कबूल करायचे.

घोडं अडलं ते कोपऱ्यांवर. सरळ भागात गोट सुतासारखा बसला, पण दाराच्या वरच्या वळणावर कापड जागेवरच ओढून शिवावं लागत होतं. रुपरावच्या बोटांत सुई म्हणजे बैलाच्या शिंगात फूल. दोनदा त्यानं टाके घातले, दोनदा उसवले. शेवटी म्हणाला, "इंदे, तुलेच यावं लागते."

इंदूबाईला तर तेच पाहिजे होतं. आपण शिवलेली वस्तू वकिलाच्या गाडीत कशी दिसते ते तिला डोळ्यांनी पाहायचं होतं. सकाळीच न्हाऊन तिनं बापानं विणलेलं हिरवं लुगडं काढलं, लाल करवती काठाचं.

"हे काहून नेसून राहिली?" रुपराव म्हणाला. "कामाले चाललो आपन, लग्नाले नाही. तेल-ग्रीस लागते तिथं."

ती जरा हिरमुसली, पण बरोबर म्हणून तिनं रोजचं विटकं लुगडं नेसलं. सायकलच्या मागं कॅरियरवर बसून, सुया-दोऱ्याचा डबा मांडीवर घेऊन, ती धंतोलीला गेली. वाटेत लोखंडी पुलाखाली त्याची सायकल डगमगली तेव्हा म्हणाली, "बंबईचा माल हाय, सांभाळून न्या." दोघंही हसले. ते एकत्र हसणं पुढं रुपरावला फार वर्षं पुरवून वापरावं लागलं.

गाडीपाशी ती जमिनीवरच बसली. एक पाय दुमडून, मान वर करून, ओठांत सुई धरून ती वळणावर टाके घालू लागली. टाका दिसेना, चुणी पडेना. रुपराव कापड ताणून धरत होता आणि मनातल्या मनात म्हणत होता, आहे बुवा बाई कामाची.

तेवढ्यात वकीलसाहेब आणि शामलाबाई पोर्चमध्ये आले.

"बघ शामला," वकीलसाहेब गोटावर बोट फिरवत म्हणाले, "ह्याला म्हणतात मुंबईचा माल! आपल्याकडच्या लोकांना जन्मात जमणार नाही."

इंदूबाईनं खाली मान घालून हसू दाबलं. शामलाबाईंचं लक्ष तिच्याकडं गेलं.

"आणि ही कोण रे?"

इंदूबाईनं सुई थांबवली. पदर डोक्यावर ओढला, आणि नवरा आता आपली ओळख सांगेल म्हणून किंचित उठल्यासारखं केलं.

रुपरावच्या डोळ्यांसमोर त्याची स्वतःचीच फुशारकी उभी राहिली. बायको घरीच राहते, तिला बाहेर पडायचं काम नाही. आणि समोर ही विटक्या लुगड्यात, धुळीत बसलेली. मिस्त्रीची बायको!

"हे होय?" तो म्हणाला. "कामाले हाय जी आपल्या इथं. टाके मारते."

झालं. ह्यापेक्षा जास्त काही तो बोलला नाही, आणि बोलायला उरलंही काही नव्हतं. बायको म्हटलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं? बंबईचं बिंगही फुटलं नसतं. फार तर शामलाबाई म्हणाल्या असत्या, अरे तू तर म्हणत होतास घरीच असते. एवढ्या एका वाक्याच्या भीतीनं त्यानं लग्नाची बायको मोडीत काढली. आणि खरं सांगायचं तर भीतीच्या खाली आणखी एक गोष्ट होती, जी त्याला नंतर पुष्कळ दिवसांनी दिसली. त्या क्षणी त्याला तिची लाज वाटली होती. तिच्या सुईची, तिच्या सुताची, नवरा-बायकोनं एका कामाला जुंपून घेण्याची. बापाच्या खड्ड्यातून तो एवढा लांब पळून आला, आणि इथं धंतोलीत पुन्हा बायको काठावर बसलेलीच.

इंदूबाई पुन्हा खाली बसली. उरलेला टाका तिनं पुरा केला.

"मग रिकामी झालीस की मागं ये गं," शामलाबाई म्हणाल्या. "आमची बाई आज आली नाही, कालपासून भांडी पडलीत. तेवढी घासून दे."

इंदूबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. अजूनही वेळ गेली नव्हती. रुपरावनं पाना उचलला आणि मुळातच घट्ट असलेला नट आणखी घट्ट करू लागला.

ती उठली आणि शामलाबाईंच्या मागोमाग परसात गेली.

थोड्या वेळानं गाडीची पाणीपरीक्षा झाली. वकीलसाहेब हौशी माणूस. स्वतः पांढरंशुभ्र धोतर नेसून, हातात वर्तमानपत्र घेऊन, काचा वर करून गाडीत बसले. बाहेरून माळ्यानं दारांवर बादल्याच्या बादल्या ओतल्या, मग नळाचा पाइप लावला. एरवी ह्या देखाव्यावर रुपराव आयुष्यभर किस्से सांगत फिरला असता. पण पाणी थांबलं की परसातून पितळी पातेल्याचा आणि राखेचा खरखर आवाज यायचा. तो आवाज त्याला इतका मोठा वाटत होता की माळ्याला कसा ऐकू येत नाही ह्याचं त्याला नवल वाटलं.

वकीलसाहेब कोरडे ठणठणीत बाहेर आले. "एक थेंब नाही! शाब्बास मिस्त्री!" त्यांनी त्याची पाठ थोपटली. ज्या शब्दानं छातीत हवा भरायची, त्याच शब्दानं त्या दिवशी रुपरावला मान वर करवेना.

शामलाबाईंनी इंदूबाईला कालच्या पोळ्या आणि भाजी कागदात बांधून दिली. तिनं दोन्ही हातांनी घेतली आणि वाकून नमस्कार केला.

परत जाताना ती कॅरियरवर बसली नाही. रुपराव सायकल हातात धरून चालला, आणि ती मागं, चार हात अंतर ठेवून. तो थांबला की ती थांबायची. मोहल्ला जवळ आला तेव्हा त्यानं विचारलं, "काहून बोलून नाही राहिली वं?"

"काय बोलू जी?" ती म्हणाली.

घरी तिनं ताट वाढलं. कागदातल्या पोळ्या, कागदातली भाजी. "माह्या कामाचं मिळालं हाय," ती म्हणाली. "खा, मिस्त्री."

त्यानं खाल्लं. नको म्हणायची त्याची हिंमत झाली नाही. कालच्या भाजीला आंबूस वास येत होता, आणि ती समोर बसून तो शेवटचा घास गिळेपर्यंत पाहत होती.

त्या दिवसापासून तिनं 'अवो' म्हणणं सोडलं. मिस्त्री, चहा झाला. मिस्त्री, आईचं औषध आणा. मिस्त्री, निजा आता. शेजारणींना वाटलं, नवऱ्याचा काय मान ठेवते ही! मारोतराव म्हणून रुपरावचा गॅरेजातला जुना सोबती होता. तो तर आपल्या बायकोला म्हणाला, "पाय, इंदूवैनीकडून शिक काही." रुपराव तिथंच बसला होता. मारोतरावच्या घरचा चहा त्याला विषासारखा लागला.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. पण ती भांडेना. स्वयंपाक वेळेवर, सासूची सेवा वेळेवर, आणि काम तर विचारूच नका. मॉरिसची कीर्ती पसरली तसे जुन्या गाड्यांचे शौकीन रुपरावला शोधत येऊ लागले. कामठीचा एक रिटायर कर्नल आला, कन्हानकडच्या खाणीचा मॅनेजर आला. सगळ्यांना तोच 'बंबईचा गोट' हवा. इंदूबाई मुकाट्यानं शिवायची. मात्र एकाही गिऱ्हाइकाच्या दारी ती पुन्हा गेली नाही. कोपऱ्यांसाठी तिनं रुपरावकडून दाराच्या मापाची लाकडी चौकट करून घेतली आणि घरीच तिच्यावर वळणं शिवू लागली. शिवताना पूर्वी ती गुणगुणायची. आता नुसता मशीनचा आवाज यायचा.

रुपरावनं आपल्या परीनं उपाय केले. इतवारीतून लुगडं आणलं. तिनं ते उलगडून पाहिलं आणि विचारलं, "मजुरीत धरू का हे?" पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळा मोहल्ला मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक पाहायला निघाला तेव्हा त्यानं तिला चल म्हटलं. ती आली, पण चार हात मागं. त्या गर्दीत, त्या ढोलताशांत, लोक 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणून ओरडत असताना रुपरावला रडू फुटेल असं झालं. आपली पिडा कोणती मारबत नेणार, ती तर आपणच ओढवून घेतलेली, असं त्याला वाटत राहिलं.

एका सकाळी ती गोटाला शिवण घालत असताना तो तिच्यापुढं बसला. नवऱ्यानं बायकोची माफी मागायची पद्धत त्या घरात नव्हती, त्या मोहल्ल्यातही नव्हती. शब्द कोणते वापरतात हेच त्याला माहीत नव्हतं.

"इंदे, चुकलं माहं," तो म्हणाला. "लय चुकलं."

तिनं मशीनचं चाक थांबवलं. "मले काहून सांगता? मी कोन हाव ते मले मालूम हाय. तुमाले बी मालूम हाय."

"मंग काय करू?"

"जिथं बोलले तिथं सांगा," ती म्हणाली, आणि चाक पुन्हा फिरू लागलं.

इतकं सोपं होतं ते. सायकलनं अर्ध्या तासाची वाट. आणि रुपरावनं त्यासाठी वर्षामागून वर्ष घालवलं. कधी वकीलसाहेब कोर्टात असतील, कधी पाहुणे असतील, कधी ऊन फार. धंतोलीतून जायची वेळ आली तर तो दुसऱ्या रस्त्यानं वळसा घालून जायचा. गंजलेला पत्रा दिसला की कापून काढल्याशिवाय ज्याला झोप येत नसे, तो हा माणूस. स्वतःच्या बाबतीत मात्र आज नाही उद्या. स्वतःची लाज वाटणं आणि ती लाज जाऊन सांगणं ह्यांत केवढं अंतर असतं ते त्यानं रोज मोजलं आणि रोज अर्ध्यातून परत फिरला.

शेवटी बोलावणं तिकडूनच आलं. मॉरिसच्या मागच्या डिकीच्या कडेला गंज लागला होता, तिथलं चॅनल आणि गोट बदलायचा होता. वकीलसाहेबांच्या माळ्यानं निरोप आणला, आणि इंदूबाईनं तो दारातून ऐकला. तिनं फक्त रुपरावकडं पाहिलं, मागं एकदा परसात जाण्यापूर्वी पाहिलं होतं तसं.

"तू बी चाल," रुपराव म्हणाला. "तुह्या बापाचं लुगडं नेस."

ती नेसली. हिरवं, लाल करवती काठाचं. कपाळावर कुंकू, हातभर बांगड्या. कॅरियरवर मात्र बसली नाही. दोघं चालत गेले. वाटभर रुपराव ओठांतल्या ओठांत वाक्य घोकत होता, शाळेतल्या पोरानं पाढे घोकावेत तसं.

वकीलसाहेब आणि शामलाबाई व्हरांड्यातच बसले होते. रुपरावनं हातातली हत्यारांची पिशवी खाली ठेवली, हात जोडले, आणि पायरीवरूनच बोलायला सुरुवात केली.

"बाईसाहेब, हे इंदू. हे माही बायको हाय जी."

शामलाबाईंनी चष्मा वर करून इंदूबाईला न्याहाळलं. त्यांचा चेहरा बदलला.

"अरे, पण ही तर तीच ना? तुझ्याकडं कामाला होती, मागं आपली भांडी घासून गेली ती?"

"हो जी, पन ते..."

"आणि तुझी ती पहिली? घरी बसणारी? तिचं काय केलंस?"

वकीलसाहेब हसले. "अरे रुपराव, तू तर चांगलाच मिस्त्री निघालास!"

"तुम्ही हसताय काय?" शामलाबाई म्हणाल्या. त्या इंदूबाईकडं पाहत होत्या, तिच्या हिरव्या लुगड्याकडं, कुंकवाकडं, आणि त्या पाहण्यात आता पूर्वीची माया नव्हती. कामाच्या बाईनं मालकाचा संसार गिळला, असाच त्या पाहण्याचा अर्थ होता, आणि तो पोर्चमधल्या माळ्यालाही कळला. "कुणाचं घर मोडून कुणी सुखी होत नाही गं बाई. कामाला राहिलीस, कामापुरतं राहायचं."

रुपरावचं घोकलेलं वाक्य अर्धंच राहिलं. बायकोला मान द्यायला आणलं, आणि मागं तिला मोलकरीण केली होती, आता ठेवलेली बाई केली. तीही तिच्या बापानं विणलेल्या लुगड्यात. त्याच्या कानशिलांतून वाफा निघू लागल्या. "नाही जी, तसं नाही जी," एवढंच तो म्हणत राहिला, आणि जितकं म्हणत होता तितका जास्त खोटा दिसत होता.

तेव्हा इंदूबाई बोलली. आवाज चढवला नाही, पदर सावरला नाही.

"ते मेली जी बाईसाहेब."

"अगं बाई!" शामलाबाईंचा हात तोंडाकडं गेला. "कधी?"

"मी मागं भांडे घासाले आली होती ना इथं, त्याच दिवशी."

"आणि आम्हाला पत्ता नाही! काय झालं होतं तिला?"

"ते मिस्त्रीले इचारा," इंदूबाई म्हणाली. "ते समोरच होते."

व्हरांड्यात सगळ्यांची नजर रुपरावकडं वळली. माळीसुद्धा झारी हातात धरून उभा राहिला. आता पाना उचलायला पाना जवळ नव्हता, पिशवी पायरीखाली होती.

"म्याच मारली जी," रुपराव म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. शब्द पाठ केलेले नव्हते, जसे आले तसे आले. बंबईचा माल बंबईचा नव्हता, हिनं शिवला होता. घरी बसणारी आणि भांडी घासणारी ही एकच बाई. तुम्ही विचारलं ही कोण, आणि मी म्हटलं कामाला आहे. काहून म्हटलं? लाज वाटली म्हणून. तिची लाज वाटली जी, जिच्या हातचं मी आजवर विकून खाल्लं.

सांगून झालं की हलकं वाटेल अशी त्याची इतकी वर्षं समजूत होती. तसं काही झालं नाही. वकीलसाहेब जमिनीकडं पाहत होते. शामलाबाईंचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. त्या खुर्चीवरून उठल्या, दोन पायऱ्या उतरल्या, इंदूबाईच्या समोर आल्या, आणि त्यांनी तिचा हात धरला. तो हात त्यांच्या हातात थंडपणे पडून राहिला.

मग त्या रुपरावकडं वळल्या.

"माझ्या हातून तिला शिळी पोळी देववलीस तू," त्या म्हणाल्या. "मी मागं तिला भांड्यांना बसवलं, तेव्हा तू कुठं होतास?"

"इथंच होतो जी. गाडीपाशी."

"ती भांडी घासत होती ते ऐकू येत होतं तुला?"

इंदूबाईनं पहिल्यांदाच मान वळवून नवऱ्याकडं पाहिलं. हे तिनं त्याला कधी विचारलं नव्हतं.

"येत होतं जी," रुपराव म्हणाला.